'धग'नंतरचे शेळके : समीक्षेचे सोवळे

मराठी समीक्षेत काही विधाने अशी आहेत की ती प्रथम कोणी केली हे कोणालाच सांगता येत नाही, आणि तरीही ती सर्वांना मुखोद्गत असतात. उद्धव शेळके यांनी 'धग' लिहिली आणि पुढे ते लोकानुरंजनाकडे वळले, हे अशांपैकीच एक विधान होय. अमरावतीच्या चर्चासत्रांत ते ऐकू येते, अकोल्याच्या पदव्युत्तर वर्गांत ते उतरवून घेतले जाते आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून ते पुन्हा प्राध्यापकांकडे परत येते. या प्रवासात त्याचा पुरावा कोणी मागत नाही. 'वळले' या एका क्रियापदात आरोप, सुनावणी आणि शिक्षा हे तिन्ही उरकलेले असतात. वळणारा मनुष्य सरळ वाट सोडतो. सरळ वाट विचाराची, आडवाट रंजनाची. हे गृहीत एकदा मान्य केले की पुढील कादंबऱ्या वाचण्याचे श्रमही वाचतात.

'धग' १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. वऱ्हाडातील एका शिंपी कुटुंबाची, त्यातही कौतिक या स्त्रीची ही कथा. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडी बोलीत, अशी तिची भाषिक रचना आहे. मराठीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत तिची गणना होते, आणि ती रास्तच आहे. त्यानंतर १९९२ मध्ये निधन होईपर्यंत अमरावतीत राहून शेळके यांनी विपुल लेखन केले. त्यांतील पुष्कळसे फिरत्या वाचनालयांच्या वाचकवर्गासाठी होते, आणि लेखन हेच त्यांच्या चरितार्थाचे साधन होते. इतकी वस्तुस्थिती सर्वमान्य आहे. वाद आहे तो या वस्तुस्थितीवर चढविलेल्या अर्थाविषयी.

त्या अर्थात दोन स्वतंत्र विधाने एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले विधान सैद्धान्तिक : विचारप्रवर्तक साहित्य हा साहित्याचा वरचा प्रकार आणि रंजक साहित्य हा खालचा. दुसरे वर्णनात्मक : शेळके यांचे 'धग'नंतरचे लेखन या खालच्या प्रकारात मोडते. दुसऱ्या विधानाची सिद्धता केवळ वाचनानेच होऊ शकते, आणि ते वाचन करण्याची गरज पहिल्या विधानाने आधीच संपविलेली असते. अशा रीतीने सिद्धान्त हा येथे वाचनाचे साधन राहत नाही. वाचन टाळण्याचा परवाना बनतो. म्हणून मुळात पहिल्या विधानाचीच झाडाझडती घेणे भाग आहे.

हे विधान भारतीय परंपरेच्या नावावर खपविण्याची सोय नाही. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नाट्याची फले सांगताना श्रमार्त व शोकार्त माणसाला विश्रांती आणि लोकांना हितोपदेश ही दोन्ही एकाच ओघात आली आहेत. त्यांत उतरंड लावलेली नाही. मम्मटाच्या काव्यप्रयोजनांत कांतासंमित उपदेश येतो आणि तत्काळ लाभणारी परनिर्वृतीही येते. अभिनवगुप्ताने तर 'लोचना'त याहून पुढचे पाऊल टाकले : प्रीती आणि व्युत्पत्ती या दोन वेगळ्या गोष्टीच नव्हेत, कारण दोहोंचा विषय एकच आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे. या भूमिकेचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. रंजनाच्या वाटीत विचाराचे औषध कालवून द्यावे, असे अभिनवगुप्त म्हणत नाही; तो हिशेब उपदेशकांचा. त्याच्या मते रसिकाला जो आनंद होतो, तोच त्याच्या जाणिवेची घडण बदलत असतो. आनंद हा ज्ञानाचा हमाल नव्हे.

मग ही उतरंड आली कोठून? तिचा एक उगम फडके–खांडेकर वादात आहे. ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधना'त (१९३१) कलाविलासाची बाजू मांडली, वि. स. खांडेकरांनी जीवनवादाची, आणि पुढच्या दोन पिढ्यांनी या वादाला कलेसाठी कला की जीवनासाठी कला अशा वक्तृत्वस्पर्धेच्या विषयाचे रूप दिले. गंमत अशी की वाचनालयाच्या खिडकीशी दोघांच्याही पुस्तकांना सारखीच मागणी होती. जीवनवादी खांडेकरांची 'ययाति' आजही ज्या उत्साहाने वाचली जाते तो उत्साह केवळ तत्त्वचिंतनाने निर्माण होणारा नाही, हे ती वाचलेला कोणीही जाणतो. दुसरा उगम अधिक अलीकडचा व अधिक कणखर आहे. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची मांडणी करताना 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' ही तीन आरंभस्थाने कल्पिली, आणि त्यांतील 'मुक्तामाले'ची परंपरा ही वास्तवाकडे पाठ फिरविणाऱ्या रंजनाची ठरली. इतिहासलेखनाची सोय म्हणून ही मांडणी उपयुक्त होती. परंतु नेमाड्यांच्या अनुयायांनी तिचे वंशावळीत रूपांतर केले. वंशावळ आली की सोयर-सुतक आले. अमुक कादंबरी कोणत्या कुळातली हे ठरले की तिच्या घरचे पाणी प्यावयाचे की नाही हेही ठरते. जातिव्यवस्थेवर तुटून पडणाऱ्या समीक्षेने वाङ्मयप्रकारांत तीच व्यवस्था इतक्या सहजतेने पुन्हा उभारावी, याचे नवल वाटते.

या व्यवस्थेची पहिली बळी खुद्द 'धग'च आहे. अभ्यासक्रमात गेल्यापासून ती दारिद्र्याचे दाहक चित्रण, ग्रामीण स्त्रीची शोकांतिका, प्रादेशिकतेचा आविष्कार अशा मथळ्यांखाली शिकविली जाते. हे मथळे चुकीचे नाहीत. पण ज्याने मार्गदर्शक पुस्तिका न वाचता कादंबरीच वाचली आहे, त्याला एक साधी गोष्ट ठाऊक असते : 'धग' हातातून खाली ठेववत नाही. कौतिकचे पुढे काय होणार, महादेव आता कोणता नवा घोळ घालणार, पोरांच्या वाट्याला काय येणार, ही उत्कंठा शेळके एखाद्या कसबी गोष्टीवेल्हाळाप्रमाणे राखतात. महादेव आणि कौतिक यांच्या खटक्यांतील वऱ्हाडी बोली ही केवळ वास्तवाची खूण म्हणून आलेली नाही. तिला चव आहे. बोलणाऱ्याचा तिरकसपणा, अर्ध्यावर सोडलेली वाक्ये, शिवी आणि माया यांतले पुसट अंतर, यांत वाचक रमतो, हसतो देखील. महादेवाला महारोग जडतो तेव्हा बसणारा धक्का हा तोवर त्याच्यावर चिडलेल्या, त्याला हसलेल्या वाचकाला बसलेला धक्का असतो. हसू आधी नसते तर तो धक्का समाजशास्त्रीय माहितीच्या पातळीवर राहिला असता. म्हणजे 'धग'मधला विचार तिच्यातील रंजनाच्या पोटातून जन्मतो. रंजन वजा केले तर शिल्लक राहतो तो सरकारी अहवाल, आणि तसे अहवाल वऱ्हाडाविषयी काही कमी लिहिले गेलेले नाहीत.

शेळके यांनी पुढे जे लिहिले ते या कसबावर लिहिले. ते कसब 'धग'च्या आधीही त्यांच्याजवळ होते आणि 'धग'मध्येही होते. तेव्हा ते कोठून तरी कोठे तरी वळले हे म्हणणे निदान वर्णन म्हणूनही सदोष आहे. फार तर असे म्हणता येईल की एकाच कसबाचे फळ एकदा असामान्य आले आणि इतर वेळी कमी-अधिक आले. कोणत्या कादंबरीत ते किती कमी आले, का कमी आले, संवादांची धार कोठे बोथट झाली, कथानकाचा साचा कोठे उघडा पडला, हे सांगणे समीक्षेचे काम होते. समीक्षेने ते केले नाही. तिने फक्त हळहळ व्यक्त केली. हळहळ ही समीक्षापद्धती नव्हे.

वऱ्हाडाच्या सांस्कृतिक इतिहासाकडे पाहिले तर ही उतरंड इथल्या मातीत कधी रुजलीच नव्हती असे दिसते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर खामगाव आणि जळगाव-जामोद येथे वकिली करीत लिहीत होते. 'सुदाम्याचे पोहे' या त्यांच्या लेखांत सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या यांच्या खोड्यांतून ज्या रूढींची टर उडविली गेली, त्यांच्यावर त्या काळी गंभीर निबंध थोडे नव्हते. ते निबंध आज ग्रंथसूचीत आहेत, बंडूनाना मात्र वाचकांच्या आठवणीत आहे. शेंडगावचे डेबूजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा, यांचे कीर्तन हे तर याहून मोठे उदाहरण. त्यात आख्यान नव्हते, शास्त्रार्थ नव्हता. श्रोत्यांना प्रश्न टाकायचा, त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे, त्या उत्तरातली विसंगती हसण्यावारी नेत नेत पुढचा प्रश्न टाकायचा, अशी ती संवादात्म रचना होती आणि भाषा होती अस्सल वऱ्हाडी. हजारो माणसे हसत होती. देवापुढे बकरे कापणे, कर्ज काढून तिथी-लग्ने साजरी करणे, अस्पृश्यता पाळणे या आपल्याच वर्तनावर आपण हसत आहोत हे त्यांना हसता हसता उमगत होते. या कीर्तनाचे विचारप्रवर्तक व रंजक असे दोन भाग करून दाखवावेत, असे आव्हान उतरंडवाद्यांना द्यावयास हरकत नाही. यावलीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या ठेक्यावर जे केले तेही याच जातीचे. अमरावतीच्या सुरेश भटांविषयी तर समीक्षेची नापसंती एका वेगळ्याच कारणाने व्यक्त होत आली : त्यांच्या गझलेला दाद मिळते! कवितेला सभागृहातून दाद मिळणे हा तिच्या उथळपणाचा पुरावा मानावा, इतकी आपली अभिरुची एकलकोंडी झाली आहे. (जाता जाता एक खुलासा. वऱ्हाडी विनोदाचा दाखला म्हणून जे हमखास 'वऱ्हाड निघालंय लंडनला' पुढे करतात, त्यांनी लक्ष्मण देशपांडे यांचा तो एकपात्री प्रयोग पुन्हा ऐकावा. त्यातले वऱ्हाड म्हणजे लग्नाचे बिऱ्हाड. प्रदेश मराठवाड्याचा आहे. रंजनाला तुच्छ लेखणारे ते लक्षपूर्वक ऐकतही नाहीत, याचा हा एक किरकोळ पुरावा.)

ही उतरंड जेथे संस्थात्मक झाली अशा एका परक्या साहित्यव्यवहाराशी तुलना येथे उद्बोधक ठरेल. जपानमध्ये शुद्ध साहित्य आणि लोकसाहित्य, म्हणजे आपल्या परिभाषेत लोकप्रिय साहित्य, अशी विभागणी इतकी पक्की आहे की तिच्यासाठी दोन वेगळी पारितोषिके आहेत. किकुची कान यांनी १९३५ मध्ये दोन्ही एकदमच सुरू केली : शुद्ध साहित्यासाठी अकुतागावा आणि लोकप्रिय साहित्यासाठी नाओकी. अकियुकी नोसाका यांची 'काजव्यांचे थडगे' ही कथा १९६७ मधली. बाँबहल्ल्यात आई गमावलेल्या आणि उपासमारीने मरणाऱ्या दोन भावंडांची ही गोष्ट. तिला पारितोषिक मिळाले ते नाओकी, म्हणजे व्यवस्थेच्या दृष्टीने ती रंजनाच्या रकान्यातली. १९८८ मध्ये इसाओ ताकाहाता यांनी तिच्यावर सचेतपट काढला, आणि आज जपानी सचेतपटांतील विचारप्रवर्तक कृतींची कोणतीही यादी त्यावाचून पुरी होत नाही. रकाना बदलला, कथा तीच राहिली. याहून मौजेची गोष्ट ही की हा चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजी प्रदर्शित झाला तो एकटा नव्हे. त्याच तिकिटात हायाओ मियाझाकी यांचा 'माझा शेजारी तोतोरो' हा, मुलांना आवडणाऱ्या केसाळ वनदेवतेचा चित्रपट जोडलेला होता. एकात मृत्यू, दुसऱ्यात बागडणे, असे वरवर दिसते. पण 'तोतोरो'तल्या दोन बहिणींची आई रुग्णालयात आहे, आणि ती परत येईल की नाही या भीतीवर साऱ्या खेळकरपणाचा तोल सांभाळलेला आहे. उलट ताकाहाता यांनी आपल्या चित्रपटाला युद्धविरोधी संदेशपट म्हणण्यास पुढे वारंवार नकार दिला. विचारप्रवर्तक म्हणविल्या गेलेल्या कृतीचा कर्ता विचाराची पाटी नाकारतो, आणि रंजक म्हणविली गेलेली कृती मृत्यूला सामोरी जाते. तेव्हा पाट्या रंगविणाऱ्यांनी ब्रश खाली ठेवणे बरे.

हे उदाहरण दूरचे वाटेल, परंतु तितके ते दूर नाही. अमरावती-अकोल्यात आज विशीत असलेली पिढी हिंदीत भाषांतरित झालेल्या जपानी सचेतपटांवरच वाढली. तिच्या आवडीला वर्गात दोनच प्रतिसाद मिळतात : एकतर तो पोरखेळ म्हणून बाजूला सारला जातो, किंवा त्यातले निवडक काही गंभीर म्हणून उचलून उरलेले टाकून दिले जाते. दुसरा प्रतिसाद उदार दिसतो, पण आहे पहिल्याचाच भाऊ. शेळके यांच्या बाबतीत समीक्षेने जे केले तेच येथे होत आहे. एक 'धग' उचलली आणि उरलेली कपाटे बंद केली.

या भूमिकेवर दोन गंभीर आक्षेप संभवतात. पहिला दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राकडून येतो. 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात शरणकुमार लिंबाळे यांनी आनंद हा साहित्याचा निकष म्हणून नाकारला आहे. ज्याच्या वेदनेवर साहित्य उभे आहे, त्याच्या वेदनेपासून आस्वादकाने आनंद घ्यावा ही कल्पनाच त्यांना असभ्य वाटते. हा आक्षेप नैतिक वजनाचा आहे, आणि त्याला रससिद्धान्ताचे चार शब्द तोंडावर फेकून उत्तर देता येणार नाही. परंतु त्याचा रोख आहे तो वेदना सुरक्षित अंतरावरून चाखणाऱ्या सवर्ण आस्वादकावर. ज्यांची वेदना आहे त्यांच्या स्वतःच्या रंजनावर तो नाही. आंबेडकरी जलसा तमाशाच्या सांगाड्यातूनच उभा राहिला. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांना वस्त्यावस्त्यांतून गर्दी लोटत होती ती तालासुरासाठीही. तेथे बसलेला श्रोता विचार आणि रंजन यांतून निवड करीत नव्हता. ती निवड करण्याची सक्ती त्याच्यावर नंतर, आणि बाहेरून झाली.

दुसरा आक्षेप अॅडोर्नो आणि होर्कहायमर यांच्या संस्कृतिउद्योगाच्या उपपत्तीचा. बाजारासाठी घडविलेले रंजन साच्यातून निघते. साचा वाचकाला त्याने आधीच मागितलेले परत देतो, आणि वाचक आहे तेथेच राहतो. हे खरे आहे. पण साचा ही काही रंजनाची मिरासदारी नव्हे. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ने (२००२) वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या घराची पडझड अंगावर येईल अशी मांडली. त्यानंतर दिवाळी अंकांतून जी शेतकरी-आत्महत्येची कथा दरवर्षी येऊ लागली, तिचा साचा आता कोणत्याही रहस्यकथेइतका घट्ट झाला आहे : नापिकी, सावकार, हुंड्यासाठी अडलेली मुलगी, कीटकनाशकाचा डबा. वाचक पहिल्या परिच्छेदातच डबा हेरतो. या कथेने कोणाचा विचार प्रवृत्त होतो? ती शहरी वाचकाला त्याने मागितलेली हळवी अपराधभावना परत देते, आणि तो आहे तेथेच राहतो. बाबूराव अर्नाळकरांनी निदान शेवटच्या पानापर्यंत खुनी लपवून ठेवण्याचे कष्ट घेतले होते.

याचा अर्थ लोकांना आवडते ते सारे चांगले, असा मात्र होत नाही. खपाचा आकडा तोंडावर मारून समीक्षकाला गप्प करू पाहणारे प्रकाशक आणि त्यांचे स्तुतिपाठक हे उतरंडवाद्यांचेच जुळे भाऊ आहेत. तेही वाचन टाळतात, फक्त मोजदाद करून. रंजक पुस्तक वाईट असू शकते, पुष्कळदा असतेच. पण ते वाईट ठरते ते रंजक असल्यामुळे नव्हे. रंजनाचे जे वचन त्याने दिले ते कामचुकारपणे पाळल्यामुळे. वाचकाच्या औत्सुक्याला, हसण्याला, भीतीला त्याने कमी लेखले म्हणून. विचारप्रवर्तक म्हणविणारे पुस्तकही नेमके याच कारणाने वाईट ठरते : तेही वाचकाला कमी लेखते, त्याला आधीच ठाऊक असलेला विचार नवा म्हणून त्याच्या हाती देते. निकष दोहोंना एकच लागतो. शेळके यांची उत्तरकालीन कादंबरी या निकषावर नापास झाली तर ती खुशाल व्हावी. परीक्षेला बसू न देता नापास करण्याला मात्र मूल्यमापन म्हणता येत नाही.

आणि या प्रश्नाला एक आर्थिक बाजू आहे, जी चर्चासत्रांत काढणे असभ्यपणाचे मानले जाते. ज्यांनी शेळके यांना दोषी ठरविले त्यांपैकी बहुतेकांना विद्यापीठ अनुदान आयोगाची वेतनश्रेणी होती. त्यांना विचारप्रवर्तक राहणे परवडत होते. दहा वर्षांत एक पुस्तिका लिहूनही पहिल्या तारखेला पगार होत होता. अमरावतीसारख्या गावात, पुण्या-मुंबईच्या प्रकाशनव्यवहारापासून दूर राहून, मराठी लेखनावर घर चालविणाऱ्या माणसाला दर काही महिन्यांनी पुस्तक देणे भाग होते. या वेगाचा त्याच्या लेखनावर काय परिणाम झाला, वाचनालयाच्या वाचकाशी त्याने कोणता करार केला, त्या करारात त्याने कोठे हात राखला आणि कोठे चोरून 'धग'चा लेखक आत आणला, हे मराठी साहित्यव्यवहाराच्या इतिहासातील अत्यंत महत्त्वाचे प्रश्न आहेत. साहित्याच्या समाजशास्त्राविषयी ग्रंथच्या ग्रंथ लिहिणाऱ्यांना समाजशास्त्राचा हा जिवंत नमुना आपल्याच गावात दिसू नये, याला काय म्हणावे!

हे काम पोथीतल्या सिद्धान्ताने होणारे नाही. जुन्या सार्वजनिक वाचनालयांत, अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय असो वा अमरावतीतील एखादे, शिरून त्या काळची देवघेव कशी चालत होती याचा माग काढावा लागेल. जीर्ण प्रती जमवाव्या लागतील. ज्या गृहिणींनी, शिक्षकांनी, एस. टी.च्या कर्मचाऱ्यांनी ही पुस्तके वाचली त्यांच्याशी, ते हयात आहेत तोवर, बोलावे लागेल. 'धग' आणि तिच्या पाठची कादंबरी एकाच टेबलावर ठेवून दोहोंतले संवाद, प्रसंगांची बांधणी, स्त्रीपात्रांच्या तोंडची भाषा ओळीने ताडून पाहावी लागेल. ज्या पुस्तकांवर निकाल देऊन साठ वर्षे होत आली, ती प्रथम वाचावी लागतील.